झेंडूच्या शेडमध्ये हॉलंडचे दोघे

हॉलंड हा देश माझ्या आयुष्यात एका कॅसेटमधून आला, आणि ती कॅसेटही मूळ नव्हती. वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. त्यांच्या खात्यातले एक साहेब कामासाठी युरोपात जाऊन आले, त्यांच्या मुलाने तिकडून कॅसेट आणली, तिच्यावरून आमच्या वर्गातल्या एकाने कॉपी केली आणि त्या कॉपीवरून मी. मूळ धरली तर माझी तिसरी. एका बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला चार, आणि चौथे मध्येच तुटलेले. वर निळ्या बॉलपेनने एवढेच लिहिले होते: 'हॉलंडचे दोघे'. त्यांचे खरे नाव कळायला मला सायबर कॅफे येईपर्यंत थांबावे लागले. तोवर हे नाव इतके पक्के बसले होते की आजही मी त्यांना हेच म्हणतो.

आम्ही तेव्हा पंचवटीत, हिरावाडीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. घरात आवाजांची कमतरता नव्हती. वडील पत्र्यांना रिव्हेट ठोकायच्या गोंगाटाच्या खात्यात होते आणि त्यांना थोडे कमी ऐकू यायचे, त्यामुळे टीव्ही शेजारच्या घरीही ऐकू जाईल इतका मोठा. आई त्यांना कधी लांबून हाक मारायची नाही. जवळ जाऊन कोपराला हात लावायची, ते वळले की मग बोलायची. 'बहिरे' हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नाही. बाबांना जरा कमी येतं, एवढेच म्हणायचो, जसे एखाद्याला इंग्रजी कमी येते. रविवारी सकाळी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. बाबांची कारखान्याची बस नसायची त्यामुळे ते ओट्यावर पेपर घेऊन बसायचे, आणि मी आतल्या खोलीत टेपरेकॉर्डरला कान लावून, हातात घड्याळ धरून, मोजत बसायचो. मला पहिल्यापासून मोजायची सवय. पायऱ्या, विजेचे खांब, आईने लाटलेल्या पोळ्या. पुढे सिन्नरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली आणि आयुष्यभर तेच केले, फक्त पगार घेऊन.

हॉलंडच्या दोघांचे संगीत मोजायला सोपे होते, म्हणून ते मला आधी आवडले. ढोलाचा एक ठोका, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे एका वजनाचे. एका मिनिटात एकशे अडतीस. मी अकरा वेळा मोजले, प्रत्येक वेळी एकशे अडतीसच. चार ठोक्यांचा एक घास, आणि असे आठ घास झाले की काहीतरी नवीन यायचे. कधी खालून घुमणारा आवाज, कधी दोनच सुरांची एक तान, जी पुन्हा पुन्हा येत राहायची आणि तरी कंटाळा यायचा नाही. गाण्याच्या साधारण मध्यावर ढोल एकदम थांबायचा. मग नुसती एक बारीक धून उरायची, उजाड माळावर कुणी एकटा चालत जावा तशी. मिनिटभर, कधी दीड मिनिट. ती हळूहळू चढत जायची, आपला श्वास अडकायचा, आणि ढोल परत कोसळायचा. शब्द एकही नाही. मला वाटे, यात काय आहे ते मी कागदावर मांडून दाखवू शकतो. ते ऐकल्यावर छातीत काय होते, ते मात्र मला मांडता येत नव्हते. त्यासाठी गोरख भेटावा लागला.

गोरख मखमलाबादचा. घरची शेती, झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. अकरावीला माझ्या बाकावर बसायचा आणि पहाटे फुलबाजार करून आल्यामुळे पहिल्या दोन तासांना झोपायचा. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याला वॉकमनचे हेडफोन दिले. त्याने पूर्ण एक बाजू ऐकली, त्यात आमचा रसायनशास्त्राचा तास बुडाला. हेडफोन काढून तो म्हणाला, "विनू, ढोल राहू दे. ढोलाच्या मधी काय वाजतंय ते ऐकलं का?"

मी म्हटले, "मधे काही नाही. मधे अर्धा ठोका जातो."

"हाय ना. चिस, चिस, चिस. झांजेसारखं, पण कोरडं. ते हाय म्हणून ढोल पळतोय. नायतर नुसता गिरणीचा पट्टा."

अकरा वेळा मोजूनही मला ते ऐकू आले नव्हते. पुन्हा ऐकले तेव्हा आले, आणि मग तेच ऐकू यायला लागले. त्या आवाजाला आमच्यात 'चिस' हेच नाव पडले.

रविवारी दुपारी मी सायकलवरून मखमलाबादला जायचो. गोरखच्या मळ्यात पत्र्याची एक शेड होती, तिथे तोडलेली फुले ओल्या गोणपाटाखाली ठेवत. दसरा-दिवाळीच्या आधी झेंडूचे ढीग कमरेपर्यंत. पत्र्याच्या शेडमध्ये खरे तर आवाज घुमायला हवा, पण ढीग आणि भिंतीला टांगलेली ओली पोती आवाज पिऊन टाकत. ठोका पडला की तिथेच संपायचा, मागे शेपूट नाही. असा कोरडा आवाज मी नंतर एका खऱ्या स्टुडिओत ऐकला, आणि तिथे मला झेंडूचा वास आल्यासारखे झाले. गोरखची आई दुपारी भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि कांद्याची पात घेऊन यायची. "काय रे हे तुमचं, नुसतं धडधड धडधड," म्हणायची. "गाणारा कधी येतो?"

"गाणारा नसतो मावशी यात."

"मग पैसे परत मागा," ती म्हणायची आणि फुलांवर पाणी मारायला लागायची.

दोन वर्षांत आम्ही जुने दोन डेक, एक मिक्सर, एक वापरलेला कीबोर्ड आणि दोन मोठे स्पीकर जमवले. सोसायट्यांच्या गरब्यात, हळदीला, मिरवणुकीच्या टेम्पोवर वाजवायला लागलो. लोकांची गाणी वाजवायचो आणि मध्ये मध्ये हॉलंडचा ठोका सरकवायचो. कामाची पद्धत मी ठरवली होती. प्रत्येक गाण्याचे ठोके मोजून कॅसेटवर पेन्सिलने लिहायचे, आणि तीनपेक्षा जास्त फरक असलेली दोन गाणी एकमेकांना जोडायची नाहीत. मिक्सरवर मी बसायचो, मागे. गोरखचा कान चांगला, म्हणून तो पुढे, स्पीकरच्या समोर दोन हात अंतरावर उभा. तिथून तो खुणा करायचा. मूठ खाली म्हणजे ढोल कमी, तळवा सपाट म्हणजे ठीक, एक बोट वर म्हणजे चिस वाढव. मी बटण फिरवायचो आणि कार्यक्रम संपला की वहीत लिहून ठेवायचो: खालचा आवाज किती, मधला किती, वरचा, म्हणजे चिसचा, किती. बटणावर शून्य ते दहा आकडे होते. बाबा वही बघून खूश व्हायचे. एकदा टेम्पोवर निघालो तेव्हा त्यांनी कारखान्यातून आणलेल्या कापसाच्या पुडीतला थोडा कापूस माझ्या हातावर ठेवला. मी तो माझ्या कानात घातला. मला मागे बसून आकडेच बघायचे होते. गोरखला मी कापूस दिला नाही, कारण त्याला ऐकायचे होते.

मधल्या काळात नाशिकमध्ये सायबर कॅफे निघाले आणि मी हॉलंडच्या दोघांची माहिती गोळा करायला लागलो. एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मी तेवढ्यात आधीचे पान वहीत उतरवून घ्यायचो. एक जण रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, दुसरा वायरमनचे शिकत होता. दोघे एका लहान गावातले. दुसऱ्याच्या घरी माळ्यावर त्यांनी पहिले गाणे केले, ते कुणी घेईना म्हणून स्वतःच काढले. मग दिवस पालटले. मैदानेच्या मैदाने भरायला लागली. मी हे सगळे शेडमध्ये वाचून दाखवायचो आणि गोरख फुलांच्या ढिगावर पाठ टेकून ऐकायचा. "वायरमन म्हणालास ना? तो म्हणजे तू," तो म्हणायचा. "दुकानातला मी. गिऱ्हाईक मी बघणार." पुढे त्यांची नवी गाणी मंद होत गेली. एकशे छत्तीस, एकशे बत्तीस. गाणारीण आली. आवाज गुळगुळीत झाला. मी आकडे सांगितले तेव्हा गोरख म्हणाला, "दमले असतील रे. आणि चिस पण काढून टाकलाय त्यांनी. ऐकू येत नाय."

चिस काढून टाकलेला नव्हता. मला स्वच्छ ऐकू येत होता. मी तसे म्हणालोही, आणि आमचा वाद झाला. अर्धा तास. तेव्हा आमच्यात असे वाद बरेच व्हायला लागले होते. तो प्रत्येक कार्यक्रमात बोट वर करायचा, करतच राहायचा. मी बटण फिरवायचो, कुरकुर करत. एक गोष्ट आणखी होती. हाक मारली की तो कधी कधी वळायचा नाही. मला वाटे, चार लोक ओळखायला लागले म्हणून याला शिंगे फुटली.

शेवटी आम्ही स्वतःचे एक गाणे केले. शेडमध्ये, चार महिन्यांच्या रविवारी. लांबी अकरा मिनिटे चाळीस सेकंद, वेग अर्थात एकशे अडतीस. मधली धून गोरखने कीबोर्डवर बसवली. तिच्यात सूर सहाच, पण त्यातला पाचवा जरा उशिरा येतो. मी त्याला सांगत होतो की तो अर्ध्याने मागे पडतोय, आणि तो म्हणत होता, "पडू दे. वाट बघायला लावायची." एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दुपारच्या सत्रात ते वाजवायला मिळाले. मुंबईहून कॅसेट कंपनीतले एक गृहस्थ, तिथल्या एका प्राध्यापकांचे मेव्हणे, ऐकायला बसणार होते. त्यांना आवडले तर ते गाणे पुढे नेणार होते. आम्ही दोघांनी त्या दिवशी नवे शर्ट घातले होते. मी कापूस घातला नव्हता.

पहिली तीन मिनिटे चांगली गेली. मग गोरखचे बोट वर झाले. मी वरचा आवाज आठवर आणला. बोट वरच. मी मान हलवून नाही म्हटले. तो तरातरा मागे आला, माझ्या हाताखालून हात घालून बटण साडेनऊवर नेले आणि परत जाऊन स्पीकरसमोर उभा राहिला. ढोल थांबला, त्याची धून सुरू झाली, आणि निवेदकाचा माइक चालू राहिला असावा, कारण स्पीकरमधून एकदम शिट्टी निघाली. सुईसारखी. पुढच्या तीन रांगांतल्या मुलींनी कान दाबले. मागची मुले उभी राहून ओरडायला लागली. प्राध्यापक हात वर करून स्टेजकडे येत होते. मी बटण साडेनऊवरून चारवर आणले आणि शिट्टी थांबली. ती किती वेळ होती ते मी सांगू शकतो, कारण मी मोजत होतो. बावीस ठोके, म्हणजे साडेनऊ सेकंदांहून थोडे जास्त. एवढा वेळ गोरख डोळे मिटून, माझ्याकडे पाठ करून उभा होता, आणि त्याचे बोट वर होते.

गाणे संपेपर्यंत ते मुंबईचे गृहस्थ उठून गेले होते. गोरख खाली बसून वायर गुंडाळत होता, पाठमोरा. मी त्याच्या मागे उभा राहिलो. आवाज चढवला नाही, मला चढवता येत नाही. म्हणालो, "गोरख, यापुढे तू आवाजात पडायचं नाही. तुला आता यातलं काही कळत नाही. आज तुझ्यामुळे गेलं सगळं. मला दुसरा कुणीतरी बघायला लागणार."

तो गुंडाळी पूर्ण करून उठला, वळला. चेहरा घामाने चमकत होता, हसत होता. म्हणाला, "लय भारी झालं ना रे? लोकं उभी राहिली, विनू."

मला वाटले हा मला खिजवतोय. मी वही उचलली आणि चालत घरी आलो. आमची जोडी पाच वर्षे चार महिने टिकली. हॉलंडचे दोघे मात्र एकवीस वर्षे बरोबर होते. ते वेगळे झाल्याची बातमी मी अलीकडे मुलीच्या फोनवर वाचली. निवेदनात म्हटले होते की आम्हाला आता वेगवेगळे ऐकू येते, म्हणून थांबतो. मुलीने विचारले, बाबा, तुम्ही यांना ओळखता? मी म्हणालो, तरुणपणी ऐकायचो. तिला याहून जास्त सांगणे मला जमले नाही, म्हणून हे प्रकरण लिहितो आहे.

त्या स्नेहसंमेलनानंतरच्या दोन महिन्यांत गोरख तीनदा घरी आला. दोनदा मी आईला नाही म्हणून सांगायला लावले. तिसऱ्यांदा मी खरेच नव्हतो. तेव्हा बाबा ओट्यावर होते आणि तो त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोलत बसला. रात्री जेवताना बाबांनी विचारले, "गोरखला का भेटत नाहीस?"

"त्याला आवाजातलं कळत नाही आता."

बाबांनी आमटीत भात कालवला. मग म्हणाले, "त्याला ऐकू येत नाही."

आईने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "तू आतून चहाचं विचारत होतीस. मला नाही आलं, त्यालाही नाही. तू दारात आलीस तेव्हा आम्ही दोघांनी एकदम तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तो ओठ बघतो. मी बघतो तसा." नंतर बऱ्याच दिवसांनी बोलावे तसे ते बोलत राहिले. "आधी चिमण्या जातात. मला वाटलं होतं, आपल्याकडच्या चिमण्या कमी झाल्या. मग कुकरची शिट्टी. माणसांचं बोलणं शेवटी जातं, त्यामुळे आपल्यालाही पटकन कळत नाही."

मी हात धुऊन वही काढली. सगळे माझ्याच अक्षरात होते. वरचा आवाज: पहिल्या वर्षी पाच, पाच, पाच. गणपतीनंतर साडेपाच. दिवाळीत सहा. पुढच्या उन्हाळ्यात लग्नसराई झाली आणि साडेसहा. मग सात, सात, साडेसात. एकदाही आकडा खाली आलेला नव्हता. कारखान्यात एखादे माप असे एकाच बाजूला सरकत गेले तर मी तिसऱ्या नोंदीला यंत्र बंद करायला लावतो. इथे माझ्याकडे एकसष्ट नोंदी होत्या, आणि प्रत्येक कार्यक्रमात बटण फिरवणारा हात माझा होता. त्याला स्पीकरसमोर उभे करणाराही मीच. आमच्याच घरात हे चालले होते आणि मी बाबांच्या टीव्हीचा आवाज कधी वहीत लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मखमलाबादला गेलो. गोरख शेडमध्ये एकटा झेंडू निवडत होता, मोठी फुले वेगळी, लहान वेगळी. मी दारातून हाक मारली नाही. समोर जाऊन बसलो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याला लगेच कळले की मला कळले आहे.

"काकांनी सांगितलं?"

मी मान हलवली. "डॉक्टर?"

"दाखवलं. दीड वर्ष झालं. गेलं ते परत येत नाय म्हणला." तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता आणि आवाज मोठा येत होता. "चिस लय आधीच गेला. मी अंदाजानं चालवत होतो."

"दीड वर्ष? मला का नाही सांगितलंस?"

त्याने एक फूल उचलून फिरवून पाहिले, लहानांत टाकले. मग मान वर केली. राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

"सांगितलं असतं तर तू दुसरा बघितला असता," तो म्हणाला. "माझ्याकडं कानच होता ना. हिशोब तुझा, वायरी तुझ्या, वही तुझी. खरं सांग, बघितला असता ना?"

आणि तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

दुसरा बघायला लागणार, हे वाक्य मी त्या दिवशी त्याच्या पाठीला बोलून चुकलो होतो. त्याला ते पोचले नव्हते. ते फक्त मला माहीत होते. खोटे बोलायची मला सवय नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर द्यायचे ही सवय आहे, त्यामुळे मी विचार करायला लागलो. तो थांबला. मी किती वेळ घेतला ते मोजलेले नाही, आयुष्यात तेवढेच मोजायचे राहिले. शेवटी मी "नाही" म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पण तोवर त्याने मान खाली घातली होती आणि तो पुन्हा झेंडू निवडायला लागला होता.